डी.एड., बी.एड. झालंय, आता भाषा विषय जोडायचाय? आधी गुणपत्रिका काढून बसा

पिंपळगाव राजा (ता. खामगाव) : हातात डी.एड. आहे किंवा बी.एड. आहे, टीईटीही निघाली आहे, पण भरतीच्या यादीत 'भाषा' या रकान्यात नाव काही बसत नाही. खामगाव तालुक्यातल्या गावागावांत अशी पोरं-पोरी आहेत. सेवेतल्या शिक्षकांचंही तेच. पंधरा वर्षं पहिली ते पाचवीला शिकवलं, आता सहावी ते आठवीच्या भाषा शिक्षकाची पदोन्नती हवी आहे, आणि यादी लागते तेव्हा कळतं की पदवीला भाषा विषयच नव्हता.

मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, एम.ए. करून टाका. कोणी म्हणतं, स्पोकन इंग्लिशचं सर्टिफिकेट चालते. कोणी जुन्या राष्ट्रभाषेच्या परीक्षा सुचवतं. त्या सल्ल्यावर दोन वर्षं आणि घरचे पैसे जातात, आणि कागदपत्रं पडताळणीच्या टेबलावर समजतं की जोडलेला कागद भलताच आहे. म्हणून कुठंही फॉर्म भरण्याआधी दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका काढून पुढ्यात ठेवायच्या. भाषा कमी आहे ती नेमकी कुठं, हे तिथंच दिसतं.

कारण शिक्षकाच्या कागदांत भाषा तीन वेगवेगळ्या ठिकाणी येते. एक, पदवीचा विषय म्हणून. दोन, बी.एड.मधली अध्यापन पद्धती म्हणून. तीन, टीईटीच्या पेपरातला भाषेचा भाग म्हणून. या तिन्हींची कामं वेगळी आहेत आणि एकाची उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही. बहुतेकांची फसगत इथंच होते.

भाषेचं पद येतं कुठून?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी असं लिहिलं आहे की दर ३५ मुलांमागं किमान एक शिक्षक हवा, आणि शिक्षक असे हवेत की विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक आणि भाषांना एक मिळेल. त्यातला हा तिसरा म्हणजे आपला 'भाषा विषय शिक्षक'. जिल्हा परिषदेच्या बोलीत पदवीधर शिक्षक.

'भाषांना एक' हा शब्द नीट वाचा. मराठीला वेगळा, हिंदीला वेगळा, इंग्रजीला वेगळा असं कायद्यात नाही. मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गावर भाषा शिक्षक गेला की त्याच्या हातात मराठीची बालभारती असते, हिंदीची सुलभभारती असते आणि इंग्रजीचं पुस्तकही असतं. पदवी मराठी वाङ्मयाची असली तरी आठवीचं इंग्रजी त्यालाच शिकवावं लागतं. पदवी इंग्रजीची असली तर हिंदीचं व्याकरण घ्यावं लागतं. म्हणजे कागदावर एक भाषा जोडली तरी वर्गात तीन शिकवायच्या आहेत. कोणती भाषा जोडायची हे ठरवताना हे ध्यानात असलेलं बरं. ज्या भाषेत आपण वर्गापुढं अडखळतो तीच जोडली तर नोकरीलाही उपयोग आणि पोरांनाही. सोपी म्हणून निवडलेल्या भाषेनं रकाना भरतो, तास मात्र भरत नाही.

पद असतं तेही पटावर. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांमधली सहावी ते आठवीची पदं हा वादाचा विषय झाला आहे. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जागा शोधताना पुन्हा विषयच विचारला जातो. म्हणून सेवेतला माणूसही आता विषय जोडायचं म्हणतो आहे.

डी.एड. वाल्यांना बी.एड. लागतंच का?

गावात पक्का समज आहे की सहावी ते आठवीला शिकवायचं तर बी.एड. पाहिजेच. तसं नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते आठवीच्या शिक्षकाची किमान पात्रता ठरवली. त्यात सहावी ते आठवीसाठी पदवी आणि दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणातली पदविका, म्हणजे आपलं डी.एड. (आता डी.एल.एड.), हा रस्ता आहे. पदवी आणि बी.एड. हा दुसरा रस्ता आहे. दोन्ही रस्त्यांवर टीईटी मात्र आहेच.

तेव्हा समजा एखाद्या ताईंचं डी.एड. झालं आहे, बी.ए.ला इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र होतं. त्यांना भाषा शिक्षक व्हायचं आहे. त्यांच्याकडं बी.एड. नाही ही उणीव नाहीच. उणीव आहे पदवीतल्या भाषा विषयाची. त्यांनी बी.एड.ला दोन वर्षं घातली तर सहावी ते आठवीच्या भाषेच्या पदासाठी त्या होत्या तिथंच राहतील. नववी-दहावीकडं जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बी.एड. लागतं.

डी.एड.मध्ये विषयवार पद्धती नसते, सगळे विषय शिकवायचं प्रशिक्षण असतं. म्हणून डी.एड.ला 'भाषा जोडणं' असा प्रकार नाही. जोडायचं ते पदवीला.

'आवश्यक इंग्रजी' आणि 'इंग्रजी वाङ्मय'

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या बी.ए. गुणपत्रिका बघितल्या तर आवश्यक इंग्रजी जवळपास सगळ्यांना असते, सोबत मराठी किंवा हिंदीसारखी एक आवश्यक भाषाही असते. हे बघून माणूस म्हणतो, इंग्रजी तं होतीच की मला तिन्ही वर्षं! पण आवश्यक भाषा सगळ्या शाखेला असते. ऐच्छिक म्हणून घेतलेलं मराठी वाङ्मय, इंग्रजी वाङ्मय, हिंदी साहित्य किंवा उर्दू साहित्य म्हणजे विषय. जाहिरातीत 'संबंधित विषयासह पदवी' असं लिहिलेलं असतं तेव्हा विचारणा या ऐच्छिक विषयाची असते. आवश्यक भाषेच्या भरवशावर फॉर्म भरणारे बरेच असतात, आणि पडताळणीत तेच अडकतात.

केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयाच्या पदवीधर शिक्षकांच्या जाहिराती याबाबत आणखी कडक असतात. ती भाषा पदवीच्या किती वर्षांत होती, हे तिथं पाहिलं जातं. नवोदय आपल्या जिल्ह्यात शेगावला आहे, म्हणून इकडच्या पोरांचा तिथला ओढा समजण्यासारखा आहे. पण दोन वर्षं हिंदी आणि तिसऱ्या वर्षी सोडली, अशी पदवी असेल तर आधी जाहिरात ओळ न ओळ वाचावी आणि मगच फीचे पैसे भरावेत.

आता जे बारावी होऊन बी.ए.ला चालले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर आणि मायनर अशी विषयांची मांडणी आली आहे. पुढं मास्तरकी करायची मनात असेल तर भाषा मेजरला ठेवावी. मागून जोडायच्या खटपटीपेक्षा पहिल्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीवर दोन मिनिटं जास्त विचार केलेला स्वस्त पडतो.

पदवीला भाषा नव्हती, आता काय?

रस्ते तीन आहेत आणि तिघांची किंमत सारखी नाही.

पहिला, ज्यादा विषयाचा. काही विद्यापीठं पदवी झालेल्याला एकाच विषयाचे सगळे वर्षांचे पेपर पुन्हा बसून देऊ देतात आणि त्या विषयाची वेगळी गुणपत्रिका देतात. पदवी नवी मिळत नाही, जुन्या पदवीला विषय जोडला जातो. ज्याला फक्त पदवीच्या पातळीवरचा विषय कमी आहे त्याला हा सगळ्यात सरळ रस्ता. पण यात दोन प्रश्न आधीच विचारून घ्यायचे. आपल्या विद्यापीठात हा विषय चालू अभ्यासक्रमात अशा पद्धतीनं देता येतो का, हा पहिला प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला. आणि अशी वेगळी गुणपत्रिका भरतीला चालते का, हा दुसरा प्रश्न ज्या कार्यालयाची भरती आहे त्याला. दोन्ही उत्तरं लेखी घ्यावीत. तोंडी 'चालून जाईल' हे पडताळणीच्या दिवशी कोणाच्याच कामाचं नसतं.

दुसरा रस्ता नव्यानं बी.ए. करण्याचा, मुक्त विद्यापीठातून. हा लांबचा आहे, तीन वर्षांचा. पण कागद एकदम स्वच्छ मिळतो, तिन्ही वर्षं भाषा, कोणी बोट ठेवणार नाही. प्रवेशाआधी एवढंच बघायचं की तिथं ती भाषा मुख्य विषय म्हणून मिळते की फक्त एक-दोन पेपरांपुरती.

तिसरा रस्ता एम.ए.चा, आणि सगळ्यात जास्त माणसं यावरच जातात. कारण इग्नूसारखी विद्यापीठं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला हिंदी किंवा इंग्रजीच्या एम.ए.ला प्रवेश देतात. दोन वर्षांत एम.ए. होते, नावापुढं लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर ही हवीच, त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान द्वितीय श्रेणीत आणि बी.एड. अशी तिथली अट असते. पण जिथं जाहिरात पदवीचा विषय मागते तिथं एम.ए. वरची असूनही आधी खालची पायरी विचारली जाते. म्हणून एम.ए. करायची ती आपल्याला कोणत्या वर्गाला शिकवायचं हे ठरवून करायची. सहावी ते आठवीच्या पदासाठी कोणी एम.ए. सुचवली तर 'हे कुठं लिहिलं आहे' एवढं विचारावं.

बी.एड.ची पद्धती

२०१५ च्या आधी बी.एड. एका वर्षाचं होतं आणि आपल्याकडं दोन अध्यापन पद्धती असत. गुणपत्रिकेवर 'मराठी, इतिहास' किंवा 'गणित, विज्ञान' असं येत असे. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. पद्धती कोणती मिळणार हे पदवीतल्या विषयावर ठरतं, म्हणून पदवीला भाषा नसलेल्याला भाषेची पद्धती मिळणंही अवघड जातं.

माध्यमिक शाळेत याचा रोज संबंध येतो. समजा एका सरांची पद्धती इतिहास आणि मराठी आहे. शाळेत हिंदीचे शिक्षक निवृत्त झाले, नवीन जागा भरली नाही, आणि वेळापत्रकात हिंदीचे तास या सरांकडं आले. पाच वर्षं हिंदी शिकवली, निकालही चांगला लागला. म्हणून ते हिंदीचे पात्र शिक्षक झाले का? नाही. शिकवण्याचा अनुभव वेगळा, पात्रता वेगळी. अशा माणसानं हिंदी जोडायची तर पदवीच्या पातळीवर हिंदी आणि विद्यापीठ देत असेल तर हिंदीची ज्यादा पद्धती, असे दोन्ही कागद लागतील. ज्यादा पद्धतीत लेखी पेपरासोबत त्या विषयाचे पाठही घ्यावे लागतात, ते नुसतं घरी बसून होत नाही.

आणि विषय जोडल्यानं सेवाज्येष्ठता वर सरकते, हाही एक समज. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत ज्येष्ठतेचे प्रवर्ग पदवी आणि प्रशिक्षणावर ठरतात. आधीच पदवी आणि बी.एड. असलेल्या शिक्षकानं आणखी एक भाषा जोडली म्हणून त्याचा नंबर बदलत नाही. बदलतं ते एवढंच की कोणत्या जागेसाठी त्याचा विचार होऊ शकतो.

टीईटीतली भाषा

महाराष्ट्रात टीईटी २०१३ पासून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी, दोन्ही १५० गुणांचे. पेपर २ मध्ये बालमानसशास्त्र ३०, भाषा एक ३०, भाषा दोन ३० आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, मागासवर्गीय आणि दिव्यांगांना ५५ टक्के.

इथं दोन गोष्टी लोक उलट धरतात. टीईटीत भाषा एक मराठी घेतली, भाषा दोन इंग्रजी घेतली, पास झालो, म्हणजे भाषेची पात्रता आली, असं नाही. टीईटी ही शिक्षक म्हणून पात्रता परीक्षा आहे, तिनं पदवीला विषय जोडला जात नाही. दुसरी गोष्ट, भाषेच्या शिक्षकासाठी टीईटीत वेगळा ६० गुणांचा भाषेचा गट नाही. त्यानं गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला कोणताही एक गट घ्यायचा. भाषा शिक्षक व्हायचं म्हणून सामाजिक शास्त्र घेतलं तर चुकलं, असं काही नाही. उलट कला शाखेच्या पोरांना तेच जमतं.

सेवेतल्या शिक्षकांना आता टीईटी टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात निकाल दिला. कायदा लागू होण्याआधी लागलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरीत राहता येतं, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडं पाठवला आहे. म्हणजे भाषेच्या पदोन्नतीची आशा धरून एम.ए.ला बसलेल्या गुरुजींनी टीईटी बाजूला ठेवली असेल तर आधी ती हातात घ्यावी. २०२१ मध्ये झालेल्या निर्णयानुसार टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, एकदा निघाली की निघाली.

माध्यम आणि विषय, दोन्ही एक नव्हे

पिंपळगाव राजासारख्या गावात मराठी आणि उर्दू दोन्ही कानावर पडतात, त्यामुळं हा गोंधळ इथं जास्त. उर्दू शाळेत शिक्षक व्हायचं तर उर्दू माध्यमाची अट असते, आणि ती पाहिली जाते आपलं शिक्षण कोणत्या माध्यमातून झालं यावर. बी.ए.ला उर्दू साहित्य घेतलं, पण शाळा आणि डी.एड. मराठीतून झालं, तर विषय आहे पण माध्यम नाही. उलट सगळं शिक्षण उर्दूतून झालेल्याकडं माध्यम आहे, पण बी.ए.ला इतिहास-राज्यशास्त्र असेल तर भाषा विषय नाही.

उर्दू शाळेतली मराठी हा आणखी एक मुद्दा. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलं. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठी सुलभभारतीची पुस्तकं आहेत. ती शिकवायला उर्दू घरातून आलेला आणि मराठी वाङ्मयाची पदवी असलेला शिक्षक मिळाला तर त्या वर्गाचं चित्रच बदलतं, कारण पोरगं कुठं अडतं हे त्याला स्वतःच्या अनुभवानं ठाऊक असतं. उर्दूतून शिकलेल्या तरुणांनी भाषा जोडताना उर्दूच घ्यावी असं नाही. मराठीचा विचार जरूर करावा, या वाटेनं जाणारे फार थोडे आहेत.

मग कोणती भाषा?

इंग्रजीची गरज सगळ्यात जास्त, हे सांगायला तज्ज्ञ नको. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी इंग्रजीचे वर्ग गावोगावी निघाले, तरी मन लावून इंग्रजी शिकवणारा माणूस मिळणं कठीण. पण इंग्रजी वाङ्मयाची पदवी बाहेरून करताना नापास होणारेही बरेच असतात. रोज तासभर वाचायची तयारी असेल तरच घ्यावी.

हिंदीचं गणित सध्या हलतं आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा झाली, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पहिलीपासून हिंदी येणार, भरपूर जागा निघणार, या आशेवर तेव्हा हिंदीच्या एम.ए.ची चौकशी करणाऱ्यांना दोन-अडीच महिन्यांत धडा मिळाला. पाचवीपासूनची हिंदी मात्र आपल्या शाळांत जुनी आहे. हिंदी आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त एखाद्या शासन निर्णयाच्या भरवशावर घेऊ नका.

संस्कृतला जागा कमी, पण उमेदवार त्याहून कमी. माध्यमिक शाळांत हिंदी-संस्कृत संयुक्त घेणारी मुलं असतात. मोठ्या शाळांच्या गावी जायची तयारी असेल तर विचार करता येतो.

कुठून करता येईल?

खामगावला गो. से. महाविद्यालयासारखं जुनं महाविद्यालय आहे, नियमित शिकायचं तर लांब जायची गरज नाही. नोकरी किंवा शेती सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि आपल्या भागासाठी त्याचं विभागीय केंद्र अमरावतीला आहे. इग्नूमध्ये वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी, प्रवेश होतात आणि परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. तिथं स्वाध्याय लिहून जमा करावे लागतात, ते राहिले की परीक्षा देऊनही निकाल अडकतो. उर्दूसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे, १९९८ चं, दूरशिक्षणाची सोय असलेलं. विदर्भातच हिंदीसाठी वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, संस्कृतसाठी रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आणि मराठीसाठी रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ आहे.

बी.एड. सुरू असताना सोबत दूरशिक्षणातून एम.ए. चालते का, हा नेहमीचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगानं १३ एप्रिल २०२२ ला दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली. एक नियमित आणि एक दूरशिक्षणातून, असं करता येतं. दूरशिक्षणाचं कोणतंही विद्यापीठ निवडताना त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरच बघता येतं. दूरशिक्षणाचं बी.एड. मात्र कोणालाही मिळत नाही. ते सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना किंवा आधी डी.एड.सारखं नियमित प्रशिक्षण झालेल्यांनाच आहे.

जे कागद चालत नाहीत

स्पोकन इंग्लिशचं प्रमाणपत्र, मोबाईल ॲपवरचं सर्टिफिकेट, चार दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र, हे शिकायला चांगलं, पात्रतेला शून्य. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा आपल्याकडं घराघरात माहीत आहेत. समिती १९३६ ची, कोविद आणि रत्न झालेली जुनी माणसं अजून गावात भेटतील. त्या परीक्षांना शासनाची मान्यता आहे ती हिंदी भाषेच्या पातळीपुरती. ती पूर्ण पदवी धरली जात नाही, म्हणून बी.ए.ऐवजी रत्न दाखवून चालत नाही.

आणि 'पैसे द्या, पास करून देतो' वाला माणूस. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून पास केलेले सात हजारांहून जास्त उमेदवार उघडकीस आले, त्यांच्यावर कारवाई झाली आणि परीक्षा परिषदेचे वरचे अधिकारी अटकेत गेले. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा निघाला, तेव्हापासून कागद तपासणारे साध्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत. पैसे घेणारा गायब होतो, नाव उमेदवाराचं लागतं. बिना हजेरीची पदवी देणाऱ्या बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठांचे एजंट खामगाव, नांदुरा, मलकापूरकडं फिरतात, त्यांच्याकडं आयोगाच्या मान्यतेचं पत्र मागितलं की बोलणं तिथंच थांबतं.

सेवेत असाल तर आधी अर्ज

जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं प्रवेश घेण्याआधी परवानगी घ्यायची असते. अर्ज मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, तिथून खामगाव पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि पुढं बुलढाण्याला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयात जातो. अर्जात अभ्यासक्रम, विद्यापीठ, शिकण्याची पद्धत आणि शाळेच्या वेळेत अडथळा येणार नाही हे लिहावं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. परवानगी न घेता केलेली पदवी खोटी ठरत नाही, पण सेवापुस्तकात नोंद घेताना तोच प्रश्न पहिला येतो आणि नोंद नसेल तर पदोन्नतीच्या यादीत नाव दिसत नाही. खाजगी अनुदानित शाळेत हीच गोष्ट संस्थेच्या सचिवांमार्फत होते.

निकाल लागल्यावर गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि परवानगीचा आदेश जोडून सेवापुस्तकातल्या नोंदीचा अर्ज लगेच द्यावा, आणि नोंद झाल्यावर त्या पानाची प्रत स्वतःकडं ठेवावी.

बेरोजगार उमेदवारांसाठी पवित्र पोर्टल. अभियोग्यता चाचणी २०० गुणांची, त्यानंतर पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरायचं असतं. पदवीचे विषय, माध्यम, बी.एड.ची पद्धती, टीईटी, सगळं तिथंच लिहावं लागतं आणि त्यावरूनच कोणत्या गटाचे पसंतीक्रम दिसणार हे ठरतं. जाहिरातीत जी शेवटची तारीख दिली असेल त्या तारखेला पात्रता हातात हवी, नंतर लागलेला निकाल त्या भरतीला उपयोगी येत नाही. भाषा रकान्यात ऐच्छिक विषयाचंच नाव टाका, आवश्यक भाषेचं टाकू नका. सेतू केंद्रावर दुसऱ्यानं भरलेला फॉर्म लॉक करण्याआधी गुणपत्रिका समोर ठेवून रकाना न रकाना स्वतः वाचून घ्यावा, मग रांगेत मागं कोणीही ताटकळलेलं असो.